मसल कार ड्रिफ्टिंगसाठी तयार करताना: नवशिक्यांसाठी कामाचा क्रम

अमेरिकेत १९६४ साली पॉन्टिॲक जीटीओ आली, तेव्हा तिच्यामागचा विचार सरळ होता. मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे व्ही-एट इंजिन बसवायचे आणि सरळ रस्त्यावर तिला भरधाव पळवायचे. मसल कार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्या याच विचारातून घडल्या. ड्रिफ्टिंगची, म्हणजे मागची चाके मुद्दाम घसरवत गाडी वळणातून आडवी नेण्याची, सुरुवात मात्र जपानमधल्या घाटरस्त्यांवर झाली आणि तिथल्या गाड्या वजनाला हलक्या, लहान इंजिनाच्या पण मागच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या. या दोन परंपरा अमेरिकेत एकत्र आल्या. फॉर्म्युला ड्रिफ्ट मालिकेच्या २००४ च्या पहिल्या हंगामाचे विजेतेपद सॅम्युएल ह्युबिनेट यांनी दहा सिलिंडरच्या डॉज वायपरवर मिळवले, पुढच्याच वर्षी रीस मिलन पॉन्टिॲक जीटीओ चालवून विजेते झाले आणि २०१० मध्ये वॉन गिटिन ज्युनिअर यांनी तो मान फोर्ड मस्टँगला मिळवून दिला. अवजड अमेरिकन गाडी आडवी चालवता येते का, हा प्रश्न त्यामुळे आता उरलेला नाही. ती कशी तयार करायची, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणते काम आधी व कोणते नंतर करायचे, हा प्रश्न मात्र प्रत्येक नवशिक्यासमोर असतो.

या क्रमाबाबतच बहुतेकांची चूक होते. गाडी हातात आली की पहिला पैसा सुपरचार्जरवर, कॅमशाफ्टवर किंवा एक्झॉस्टवर जातो, कारण बाजारात सर्वांत जास्त जाहिरात त्यांचीच असते. परंतु मसल कारमध्ये शक्ती मुळातच भरपूर असते. तिच्यात कमी असतात त्या तीन गोष्टी: पुढची चाके पुरेशी वळणे, इंजिन व त्यातील तेल थंड राहणे, आणि वारंवार बसणारे हिसके सोसणारे सुटे भाग. पुढे दिलेला क्रम या तीन उणिवा आधी भरून काढणारा आहे, आणि शक्ती वाढवण्याचे काम त्यात मुद्दाम शेवटी ठेवले आहे.

पायरी १: गाडी निवडणे

१९६० आणि ७० च्या दशकांतल्या मूळ मसल कार दिसायला कितीही देखण्या असल्या, तरी पहिली ड्रिफ्ट गाडी म्हणून त्या घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांचे स्टीअरिंग जुन्या पद्धतीच्या गिअर बॉक्सचे असते, सांगाडा आजच्या मानाने लवचीक असतो, आणि भिंतीला घासलेला पत्रा बदलायचा म्हटले तर तो सहजी व परवडेल अशा रीतीने मिळत नाही. शिकताना गाडी कुठे ना कुठे घासणारच आहे. जिच्यावर ओरखडा उठल्यावर रात्रीची झोप उडेल, ती गाडी शिकण्यासाठी नव्हे.

त्याऐवजी १९७९ ते १९९३ या काळातली फॉक्स बॉडी मस्टँग, तिच्यानंतरची १९९४ ते २००४ ची मस्टँग, २००५ ते २०१४ ची मस्टँग, १९९८ ते २००२ ची एलएस-१ या जनरल मोटर्सच्या व्ही-एट इंजिनाची शेव्हरोले कॅमारो किंवा पॉन्टिॲक फायरबर्ड, आणि २००४ ते २००६ ची जीटीओ हे पर्याय पाहावेत. फॉक्स बॉडी सर्वांत हलकी असते आणि तिच्यासाठी सुट्या भागांचा बाजारही मोठा आहे, परंतु तिचा पाच गिअरचा टी-५ गिअरबॉक्स वाढीव शक्तीपुढे टिकत नाही आणि बहुतेक गाड्यांच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक व फक्त चार बोल्ट असतात. कॅमारोला सहा गिअरचा मजबूत टी-५६ मिळतो, मात्र तिचे इंजिन अर्धेअधिक काचेखाली सरकलेले असल्यामुळे मागच्या सिलिंडरांचे स्पार्क प्लग बदलणेसुद्धा कष्टाचे होते. जीटीओला मागे स्वतंत्र सस्पेन्शन असते, पण ती जड आहे. २०१५ नंतरच्या मस्टँगलाही मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे आणि ती उत्तम गाडी आहे, तरी पहिल्याच हंगामात तिला भिंतीजवळ नेण्याची घाई करू नये.

गिअरबॉक्स मॅन्युअलच हवा. मागच्या टायरची पकड सोडवण्यासाठी क्लच दाबून इंजिन चढवून एकदम सोडणे हे ड्रिफ्टिंगचे मूलभूत तंत्र आहे आणि ते ऑटोमॅटिक गाडीत शिकता येत नाही. खरेदीपूर्वी गाडी लिफ्टवर चढवून खालून तपासावी. फॉक्स बॉडी आणि तिच्या पुढच्या पिढीत मागच्या सस्पेन्शनचे खालचे दांडे जिथे बॉडीला जोडलेले असतात, ती पेटीसारखी जागा फाटते. तिथे वेल्डिंगच्या कडेने भेगा दिसल्या तर किंमत कमी करून घ्यावी किंवा गाडी सोडून द्यावी. या गाड्यांना पुढचा व मागचा सांगाडा जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या खालून वेल्ड करून घेणे हे पुढे करायच्या पहिल्या कामांपैकी एक आहे, कारण सांगाडा वाकत असेल तर सस्पेन्शनची कोणतीही जुळवणी टिकत नाही.

पायरी २: आहे ती गाडी धडधाकट करणे

नवीन भाग घेण्याआधी जुने भाग शाबूत आहेत याची खात्री करावी. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल (दोन्ही मागच्या चाकांना शक्ती वाटून देणारा गिअर संच) यांचे तेल, ब्रेक ऑइल आणि कूलंट बदलावे. बॉल जॉइंट, टाय रॉडची टोके, व्हील बेअरिंग, सस्पेन्शनचे बुश आणि ब्रेकचे रबरी होज तपासावेत. रबरी बुश फाटलेला असेल तर गाडी स्टीअरिंग न फिरवताही थोडी वळते, आणि आपल्या चुकीने वळली की गाडीच्या, हे नवशिक्याला कळत नाही. शिकण्यातला सर्वांत मोठा अडथळा हाच असतो. गाडीतल्या सुट्या वस्तू, चटया आणि डिकीतले स्टेपनी चाक काढून टाकावे. नव्या गाडीत स्टॅबिलिटी कंट्रोल पूर्ण बंद होते का तेही पाहावे, कारण काही गाड्यांत बटण दाबल्यावरही ते अर्धवट चालू राहते आणि ऐन घसरणीत ब्रेक लावून मोकळे होते.

पायरी ३: सीट, पट्टे आणि केज

मूळ सीटवर शरीर आडवे सरकते आणि चालक तोल सांभाळण्यासाठी स्टीअरिंगला धरून राहतो. ड्रिफ्टमध्ये तर स्टीअरिंग सैल सोडून ते हातांतून फिरू द्यायचे असते. म्हणून घट्ट बसणारी बकेट सीट हा सुरक्षेचा भाग आहे आणि गाडी चालवायला शिकण्याचाही. माझ्या मते पूर्ण गाडीत पहिला विकत घ्यायचा भाग तोच. हार्नेसचे, म्हणजे शर्यतीच्या सीटबेल्टचे, खांद्यावरचे पट्टे सीटमागे जवळपास आडवे जायला हवेत. ते खाली जमिनीला बांधले तर धडकेत पाठीच्या कण्यावर दाब येतो, म्हणून हार्नेसला आडवी नळी असलेला केज (चालकाभोवतीचा लोखंडी नळ्यांचा पिंजरा) किंवा हार्नेस बार लागतो. हार्नेसलाही मुदत असते: एसएफआय या अमेरिकी सुरक्षा-मानक संस्थेच्या १६.१ प्रमाणपत्राचे पट्टे साधारण दोन वर्षांनी आणि एफआयए या जागतिक मोटारशर्यत संघटनेचे पाच वर्षांनी बाद धरले जातात. वापरलेले पट्टे घेताना त्यावरच्या चिठ्ठीची तारीख आधी वाचावी. हेल्मेट स्नेल संस्थेच्या एसए वर्गातले, म्हणजे आगरोधक अस्तराचे असावे. मोटरसायकलचे हेल्मेट त्याची जागा घेऊ शकत नाही.

रोल केज नवशिक्याच्या मोकळ्या मैदानावरील सरावाला सहसा सक्तीचा नसतो, स्पर्धेला मात्र असतो. ज्या स्पर्धेत उतरायचे तिची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय नळीचा व्यास आणि जाडी ठरवू नये, कारण गाडीच्या वजनानुसार हे आकडे बदलतात आणि चुकीच्या नळीचा केज कापून पुन्हा बांधावा लागतो. केज बसवलेली गाडी रस्त्यावर हेल्मेटशिवाय चालवणेही धोक्याचे आहे: डोके नळीच्या जवळ आलेले असते आणि त्यावरचे पॅडिंग हेल्मेट गृहीत धरूनच बनवलेले असते.

पायरी ४: डिफरेन्शियल आणि मागचा अ‍ॅक्सल

दोन्ही मागची चाके एकत्र फिरली तरच गाडी नियंत्रितपणे घसरते. मस्टँगमध्ये क्लच प्लेट असलेले मर्यादित घसरणीचे डिफरेन्शियल असले, तरी त्याच्या प्लेट झिजलेल्या असतात आणि अशा वेळी आतले चाक एकटेच धूर काढत फिरते. यावर तीन उपाय आहेत. डिफरेन्शियलचे आतले गिअर वेल्ड करून बंद करणे स्वस्त आहे आणि हजारो जण यावरच शिकले आहेत. मात्र वेल्डचा तुकडा सुटला तर डिफरेन्शियलचे सगळे कवच फुटते. स्पूल, म्हणजे मुळातच अखंड असलेला भाग, तेच काम भरवशाने करतो. तिसरा उपाय दुहेरी कामाचे लॉकिंग डिफरेन्शियल, जे ॲक्सिलरेटर देताना आणि सोडतानाही पकडते. हे सर्वांत महाग, पण रस्त्यावरही चालवता येते. पहिल्या गाडीला स्पूल पुरेसा आहे.

फोर्डचा ८.८ इंची अ‍ॅक्सल चांगला आहे, पण २००४ पर्यंतच्या बहुतेक मस्टँगमध्ये त्याचे शाफ्ट २८ दात्यांचे असतात. क्लचचे हिसके बसू लागले की ते बदलून ३१ दात्यांचे घालावेत. कॅमारोचा मूळ लहान अ‍ॅक्सल या कामाला अगदीच कमकुवत आहे आणि तो पूर्ण बदलण्याची तयारी आधीपासून ठेवावी.

याच वेळी मागच्या गिअरचे गुणोत्तर ठरवावे लागते आणि त्याचे गणित कागदावर मांडता येते. २५५/४०, १७ इंची टायरचा घेर जवळजवळ २ मीटर भरतो. कॅमारोच्या टी-५६ मध्ये दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.७८ आणि तिसऱ्याचे १.३० आहे. मागचा गिअर ३.७३ असेल तर इंजिनाच्या मिनिटाला ६००० फेऱ्यांवर दुसऱ्या गिअरमध्ये चाकाचा वेग ताशी सुमारे १०८ किलोमीटर आणि तिसऱ्यात १४८ किलोमीटर येतो. मागचा गिअर ४.१० केला तर हेच आकडे ९९ आणि १३५ होतात. हा वेग फिरणाऱ्या चाकाचा आहे, प्रत्यक्ष गाडी त्याहून बरीच हळू जात असते. लहान मैदानावर सराव करणाऱ्याला दुसऱ्याच गिअरमध्ये पूर्ण फेरी मारता आली पाहिजे आणि त्यातही इंजिन सतत वरच्या मर्यादेला आपटत राहता कामा नये. आपल्या मैदानावर हे कुठल्या गुणोत्तराने साधते, हे अशा आकडेमोडीतून अर्ध्या तासात कळते, आणि गिअर संच दोनदा घेण्याचा खर्च वाचतो.

पायरी ५: स्टीअरिंगचा कोन

सगळ्या कामात सर्वांत बारकाईने करायचे काम हे आहे, आणि मसल कारला सर्वांत जास्त फरकही यानेच पडतो.

गाडी उजवीकडच्या वळणात मागून सुटते तेव्हा चालक चाके डावीकडे वळवतो. मागची बाजू जितकी जास्त बाहेर, तितकी पुढची चाके उलट दिशेने जास्त वळावी लागतात. मूळ गाडीत ती साधारण ३५ ते ४० अंशांपर्यंत वळतात आणि त्यापुढे चालकाकडे उपाय उरत नाही: गाडी स्वतःभोवती गिरकी घेते. स्पर्धेतल्या गाड्यांची चाके ६० अंशांच्याही पुढे वळतात. नवशिक्याला एवढा कोन लागत नाही, पण ४५ ते ५० अंश मिळाले तर प्रत्येक चुकीनंतर गाडी सावरण्याची संधी मिळते, आणि गिरकीत जाणारा वेळ सरावात जातो.

बाजारात अँगल किट म्हणून जे मिळते त्यात साधारणपणे तीन गोष्टी असतात: लांब किंवा वेगळ्या आकाराचे खालचे कंट्रोल आर्म, बदललेल्या स्टीअरिंग भुजांचे नकल (चाकाचा हब धरणारा भाग), आणि मजबूत टाय रॉड (चाकाला ओढून वळवणारा दांडा). सर्वांत साध्या प्रकारात रॅकच्या, म्हणजे स्टीअरिंगने डावी-उजवीकडे सरकणाऱ्या दातेरी दांड्याच्या, टोकाला असलेली अडवणूक कमी करण्यासाठी फक्त चकत्या दिलेल्या असतात. सुरुवातीला तेवढ्यानेही काही अंश मिळतात.

यात दोन संकल्पना समजून घ्याव्यात. पहिली अ‍ॅकरमनची. साध्या रस्त्यावर वळताना आतले चाक लहान वर्तुळात फिरते, म्हणून कारखाना त्याला बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळवतो. ड्रिफ्टमध्ये गाडी उजव्या वळणात असताना चाके डावीकडे असतात, म्हणजे भार ज्यावर आहे ते डावे चाक स्टीअरिंगच्या हिशेबाने आतले ठरते आणि जास्त वळते. मग दोन्ही चाके वेगवेगळ्या दिशांना ओढू लागतात आणि गाडीचा वेग खातात. यासाठी किटमध्ये अ‍ॅकरमन कमी करून पूर्ण वळणावर दोन्ही चाके जवळपास समांतर राहतील अशी रचना करतात.

दुसरी गोष्ट धोक्याची. चाक फार वळले की टाय रॉड आणि स्टीअरिंगची भुजा एका सरळ रेषेत येतात. त्या रेषेपलीकडे चाक गेले तर टाय रॉड त्याला परत ओढण्याऐवजी उलट आणखी ढकलतो आणि चाक तिथेच अडकते. तेव्हा गाडीवरचा ताबा पूर्ण जातो. म्हणून किट बसवल्यावर पूर्ण वळणावर त्या दोन भागांमध्ये स्पष्ट कोन उरतो आहे का हे डोळ्यांनी पाहावे. तो उरत नसेल तर वळण मर्यादित करणारा थांबा लावावा, मग जाहिरातीत कितीही अंश लिहिलेले असोत.

बसवल्यानंतरची तपासणी अशी करावी. पुढच्या स्प्रिंग काढून गाडी स्टँडवर ठेवावी, चाके लावावीत, स्टीअरिंग एका टोकाला नेऊन जॅकने चाक तळापासून वरपर्यंत हलवावे आणि टायर, सांगाडा, अँटीरोल बार, ब्रेकचा होज यांपैकी काय कुठे लागते ते खडूने खुणावून ठेवावे. हेच दुसऱ्या बाजूलाही करावे. ब्रेकचा होज पूर्ण वळणावर ताणला जात असेल तर लांब होज घालावा. या एका दुपारच्या कामाने ट्रॅकवरचे अनेक अपघात टळतात.

पॉवर स्टीअरिंगच्या पंपाकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. ड्रिफ्टमध्ये इंजिन सतत वरच्या फेऱ्यांवर असते आणि चालक स्टीअरिंग वेगाने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सोडत असतो. पंपातले तेल उकळते, त्यात फेस होतो आणि स्टीअरिंग ऐन वेळी दगडासारखे जड होते. एक छोटा ऑइल कूलर आणि पंपावर थोडी मोठी पुली एवढ्यावर हा प्रश्न बहुतांशी सुटतो. जुन्या गिअर बॉक्स स्टीअरिंगच्या गाडीतच काम करायचे असेल तर रॅक बसवण्याचे किट मिळतात, पण रॅकची उंची व जागा चुकली तर चाक वर-खाली होताना गाडी आपोआप दिशा बदलते. हे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावे.

पायरी ६: सस्पेन्शन आणि अलाइनमेंट

उंची जुळवता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा एकत्र संच) घ्यावेत, पण गाडी जमिनीला टेकवण्यासाठी नव्हे. फार खाली नेलेल्या गाडीत कंट्रोल आर्म चुकीच्या कोनात जातात आणि सस्पेन्शनला हलायला जागा उरत नाही. मागच्या स्प्रिंग वाजवीपेक्षा कडक करणे हीसुद्धा नेहमीची चूक आहे. मागे थोडी पकड असली तरच गाडी घसरतानाही पुढे सरकते, पकड अजिबात नसेल तर ती फक्त फिरते. फॉक्स बॉडीच्या मागच्या वरच्या दांड्यांची रचना तिरकी असते आणि अ‍ॅक्सल एका बाजूने वर गेला की ती अडकते. त्यामुळे पकड अचानक सुटते. अ‍ॅक्सल आडवा धरणारा पॅनहार्ड रॉड जोडून तिरक्या दांड्यांवरचा भार कमी केला की गाडी बरीच शहाण्यासारखी वागू लागते. २००५ ते २०१४ च्या मस्टँगला आणि वरच्या कॅमारोला तो कारखान्यातूनच मिळतो.

सुरुवातीची जुळवणी म्हणून पुढे उणे ३ अंश कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला), ६ ते ८ अंश कास्टर (स्टीअरिंगचा अक्ष वरून मागे कललेला) आणि किंचित टो-आउट (चाकांच्या पुढच्या कडा बाहेर वळलेल्या) धरावा. कास्टर जास्त असला की स्टीअरिंग सोडल्यावर चाके स्वतःहून घसरणीच्या दिशेला वळतात, आणि हाच स्वभाव ड्रिफ्टला हवा असतो. मागे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर कॅम्बर शून्याजवळ आणि किंचित टो-इन (पुढच्या कडा आत) ठेवावा. अखंड अ‍ॅक्सलला यात बदलण्यासारखे काही नसते, आणि नवशिक्यासाठी ती सोयच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत लिहावी.

पायरी ७: ब्रेक आणि हायड्रॉलिक हँडब्रेक

मूळ तारेचा हँडब्रेक थांबलेली गाडी धरून ठेवण्यासाठी असतो. वेगातली मागची चाके क्षणात अडवणे त्याला जमत नाही. हायड्रॉलिक हँडब्रेक दोन प्रकारे बसवतात. मागच्या ब्रेकच्या नळीतच त्याचा सिलिंडर जोडणे सोपे आहे. मागच्या चाकांना दुसरे स्वतंत्र कॅलिपर लावणे महाग पण उत्तम, कारण पायाचा ब्रेक त्यापासून वेगळा राहतो. लिव्हर स्टीअरिंगच्या जवळ आणि उभा असावा, म्हणजे हात कमीत कमी अंतर जातो. ड्रम ब्रेकच्या फॉक्स बॉडीला हे करण्याआधी मागे डिस्क आणि पाच बोल्टचे हब घालून घ्यावेत. मूळ तारेचा हँडब्रेक शक्य असेल तर ठेवावा, पार्किंगसाठी हायड्रॉलिकवर विसंबू नये.

पायरी ८: इंजिन आणि त्याचे तेल थंड ठेवणे

ड्रिफ्टमधली गाडी आडवी जाते, त्यामुळे वारा रेडिएटरमध्ये समोरून शिरत नाही. त्याच वेळी इंजिन पूर्ण जोरात असते आणि गाडीचा प्रत्यक्ष वेग कमी असतो. रस्त्यावर कधीही न तापलेली मस्टँग म्हणूनच तिसऱ्या फेरीत उकळते. जाड ॲल्युमिनियमचा रेडिएटर, पूर्ण आच्छादनासह दोन विजेचे पंखे, आणि रेडिएटरच्या चारही बाजूंच्या फटी पत्र्याने किंवा फोमने बंद करणे, हा क्रम पाळावा. यातले शेवटचे काम जवळपास फुकट असते आणि तरीही बहुतेक जण ते करत नाहीत. हवेला जिथून वाट मिळेल तिथून ती जाते, आणि फट उघडी असेल तर ती रेडिएटरला वळसा घालून निघून जाते. अनुभवी संघ रेडिएटर डिकीत नेतात, कारण समोरची धडक त्याला फोडते, पण सुरुवातीला त्याची गरज नाही.

एलएस इंजिन दुसऱ्या गाडीत बसवले असेल तर त्याच्या हेडमधून निघणारी वाफेची बारीक नळी बंद करू नये. ती रेडिएटरच्या किंवा टाकीच्या वरच्या भागाला जोडावी, नाहीतर वाफेचे बुडबुडे हेडमध्ये अडकून तिथला धातू तापतो. कित्येक ट्रॅकवर ग्लायकॉल असलेल्या कूलंटला मनाई असते, कारण ते सांडले की रस्ता निसरडा होतो. तिथे साधे पाणी आणि गंजरोधक द्रव वापरतात.

तेलाचा प्रश्न यापेक्षा गंभीर आहे. गाडी लांब वळणात आडवी असताना ऑइल पॅनमधले तेल एका बाजूला चढते, पंपाची शोषक नळी उघडी पडते आणि बेअरिंगला तेलाऐवजी हवा मिळते. इंजिन तापून नव्हे तर असे उपाशी राहून मरते, आणि हे घडायला काही सेकंद पुरतात. आत अडथळ्यांच्या भिंती आणि एकाच बाजूला उघडणारी दारे असलेला ऑइल पॅन हा त्यावरचा उपाय. त्यासोबत तेलाचा कूलर, तापमानाचा मीटर, आणि दाब कमी झाल्यावर डोळ्यांसमोर लागणारा मोठा लाल दिवा हवा. ड्रिफ्ट करताना मीटरचा काटा कोणी पाहत नाही, दिवा मात्र दिसतो. इंजिनाच्या मिनिटाला दर १००० फेऱ्यांमागे तेलाचा १० पीएसआय दाब ही जुनी मोजपट्टी कामाला येते. तेलाचे तापमान १३० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की फेरी थांबवून गाडी हळू चालवत थंड करावी.

पायरी ९: क्लच, गिअरबॉक्स आणि सर्वांत शेवटी शक्ती

क्लच मजबूत हवा, परंतु फक्त चालू किंवा बंद असा वागणारा धातूच्या चकतीचा शर्यतीचा क्लच नवशिक्याला त्रासच देतो. इंजिनचे माउंट कडक पॉलियुरेथेनचे घालावेत, म्हणजे क्लचच्या हिसक्याने इंजिन डोलून गिअर चुकत नाही. ड्राइव्हशाफ्टभोवती लोखंडी कडे लावावे, कारण शाफ्ट तुटून पुढचे टोक खाली पडले तर गाडी त्यावर उचलली जाऊ शकते.

इंजिनच्या आतले काम करायचेच असेल तर आधी टिकाऊपणाचे करावे. २०११ पासूनच्या मस्टँगमधले ५ लिटरचे कोयोटी इंजिन वरच्या मर्यादेला वारंवार आपटले की त्याच्या तेलपंपाचे दाबून बनवलेले गिअर फुटतात, म्हणून अखंड धातूतून कापलेले गिअर आणि क्रँकचा स्प्रॉकेट घालतात. एलएस इंजिनात व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि रॉकरच्या दांड्यातील सुयांच्या बेअरिंगकडे पाहावे. हे झाल्यावर, आणि सध्याच्या शक्तीवर गाडी सलग पूर्ण फेरी आडवी नेता येऊ लागल्यावरच, कॅमशाफ्ट किंवा सुपरचार्जरचा विचार करावा. कोयोटी इंजिनाची २०११ च्या मस्टँगमधली कारखान्यातली ४१२ अश्वशक्ती शिकणाऱ्याला दीर्घकाळ पुरते. शक्ती वाढली की टायर लवकर संपतात, तेल जास्त तापते, शाफ्टवर ताण वाढतो, आणि वर सांगितलेल्या प्रत्येक पायरीचे काम पुन्हा तपासावे लागते.

पायरी १०: टायर आणि पहिला दिवस

पुढे चांगल्या पकडीचे आणि मागे मध्यम दर्जाचे टायर वापरावेत. मागे महागडे, चिकट टायर लावले तर ते सोडवायला जास्त वेग लागतो आणि चूकही जास्त वेगात घडते. मागच्या टायरच्या दोन तरी जोड्या सोबत असाव्यात, कारण व्ही-एट गाडी एक जोडी एका सकाळीत संपवू शकते. सार्वजनिक रस्त्यावर हे काही करू नये. सरावासाठी ड्रिफ्ट आयोजकांनी घेतलेले बंद मैदानच निवडावे. शक्य असेल तर पहिला दिवस पाणी मारलेल्या मैदानावर घालवावा: पकड कमी असल्यामुळे सगळे हळू घडते आणि गाडीवर ताणही कमी येतो.

सुरुवात एका शंकूभोवती गोल फिरण्याने करावी. ॲक्सिलरेटरने गोलाचा आकार बदलता येऊ लागला की दोन शंकूंभोवती आठचा आकडा काढावा आणि मधे गाडी एका बाजूकडून दुसरीकडे फिरताना स्टीअरिंग हातांतून मोकळे सुटू द्यावे. हँडब्रेक आणि क्लचचा हिसका त्यानंतर. आठचा आकडा सलग दहा वेळा जमेपर्यंत पुढच्या वळणावर जाऊ नये.

प्रत्येक फेरीनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासावेत, कारण आडव्या भाराने ते सैल होतात. बोनेट उघडून पॉवर स्टीअरिंगच्या टाकीत फेस आहे का, कूलंटचा वास येतो का, तेल कुठे टपकते आहे का, हे पाहावे. टाय रॉडची टोके हाताने हलवून पाहावीत. दिवस संपल्यावर गाडी स्टँडवर चढवून वेल्ड केलेल्या प्रत्येक जागेवर टॉर्च फिरवावी, आणि नवीन भेग दिसली तर ती दुरुस्त होईपर्यंत गाडी मैदानावर नेऊ नये.